अकरा अटींचा रॅम्प

स्केटबोर्डचा लाकडी रॅम्प घरच्या घरी बांधता येतो, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते मीच सांगितलं, जेवताना, भरल्या तोंडाने, आणि तेही मेहुण्याच्या समोर. मेहुण्यासमोर बोललेला शब्द मागे घेण्याची सोय अजून कुठल्याही घरात झालेली नाही.

विषय मुलीचा चालला होता. आमची मुलगी तेरा वर्षांची. तिच्या स्केटिंगच्या क्लासमधून शिबिरासाठी दोन मुलं निवडणार होते, तीन आठवड्यांनी, रविवारी. सपाट जमिनीवरचं तिला सगळं येत होतं. पण निवडीत एक गोष्ट सक्तीची होती. तीन फूट उंच, पोटात वाकलेल्या रॅम्पच्या काठावर उभं राहायचं, बोर्डाचं शेपूट, म्हणजे मागचं टोक, काठावर दाबून धरायचं, पुढचा पाय बोर्डावर ठेवायचा आणि थेट खाली यायचं. शहरातल्या बागेत असा एक रॅम्प होता, तो निवडीच्या दिवसापर्यंत दुरुस्तीसाठी बंद.

"मी एकदाही उतरलेली नाही," ती ताटाकडे बघत म्हणाली. "सगळ्यांसमोर पहिल्यांदाच कशी उतरू?"

"हात्तिच्या, एवढंच ना," मी म्हणालो. "दोन फळ्या आणि चार स्क्रू. मी बांधतो."

"भाऊजी, तुम्ही?" मेहुणा म्हणाला.

फक्त एवढंच म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. पण पुढे जे काही घडलं ते त्या 'तुम्ही'मुळे घडलं, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे.

मी बांधकाम परवाना विभागात आहे, गेली बावीस वर्षं. तुम्ही कधी गच्चीवर पत्रा घातला असेल किंवा कुंपण दोन वीत पुढे सरकवलं असेल, तर तुमची फाईल माझ्यासारख्याच कुणाच्या तरी टेबलावरून गेली असणार आणि तुम्ही त्या माणसाला मनातल्या मनात काहीतरी म्हणाला असणार. त्याला इलाज नाही. पण बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बांधकामातल्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःला एक साधा रॅम्प बांधता येणार नाही, हे काही माझ्या बुद्धीला पटेना.

पहिल्याच संध्याकाळी मी आराखडा काढला. समोरून, बाजूने आणि वरून, तीन प्रतींत. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला.

"बाबा, रॅम्पला उत्तर दिशा कशाला?"

"आराखड्याला लागते."

"आणि रॅम्प फिरवून ठेवला तर?"

असले प्रश्न अर्जदारही विचारतात. त्यांना मी पुढच्या आठवड्यात या म्हणतो. घरात ती सोय नाही, म्हणून मी पेन्सिलीला टोक करत बसलो.

आराखडा घेऊन मी कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेलो. त्याने तो उलटा धरला, सुलटा धरला, उजेडात धरला आणि परत दिला.

"साहेब, चाळीस वर्षं मी सरळ करत आलो. खिडकी एक सूत तिरकी निघाली तर लोक दारात उभं करत नाहीत. आणि तुम्ही मला मुद्दाम वाकडं करायला सांगताय. जमायचं नाही."

"मग मीच करतो."

"करा की. मी बघायला येतो."

मला वाटलं, ही बोलायची पद्धत. पण तो खरोखरच आला, येताना स्वतःचं स्टूल घेऊन आला. पुढे रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की तो आमच्याकडे येऊन बसायचा. मी स्क्रू पिळत असताना एक शब्द बोलायचा नाही. स्क्रू पूर्ण आत गेला, की मग चहाचा घोट घेऊन म्हणायचा, "तिथे नको होता."

"अहो मग आधी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुमचा काही विचार असेल."

रॅम्पच्या दोन बाजूंना दोन जाड फळ्या लागतात आणि त्या दोन्हींवर तंतोतंत सारखा बाक कापावा लागतो. हा बाक म्हणजे मोठ्या वर्तुळाचा एक तुकडा. दोरीला पेन्सिल बांधायची, दोरीचं दुसरं टोक सात फुटांवर पक्कं धरायचं आणि पेन्सिल फिरवायची. हॉलमधला सोफा उभा केल्यावर फळी जमिनीवर मावली, पण सात फुटांवरचा मध्यबिंदू स्वयंपाकघरात गेला, बरोबर ओट्यासमोर. फरशीत खिळा ठोकायला बायकोने साफ नकार दिला. तेव्हा असं ठरलं की तिने दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून तिथे उभं राहायचं.

पहिली फळी सुरेख झाली. दुसऱ्या फळीवर मी निम्म्यावर आलो आणि दूध वर आलं. वर्तुळाचा मध्यबिंदू दूध बघायला गेला. परत आला तो चार बोटं पलीकडे उभा राहिला, आणि हे मला कळायचं काही कारण नव्हतं, कारण मी पोटावर झोपून जीभ बाहेर काढून पेन्सिल फिरवत होतो.

दोन्ही फळ्या कापून शेजारी शेजारी उभ्या केल्या तेव्हा एकीचं पोट वरच्या अंगाला होतं आणि दुसरीचं खालच्या.

या वेळी सुतार चहाच्या घोटासाठीही थांबला नाही. "पोरगी उजवीकडून निघेल आणि डावीकडच्या भिंतीत जाईल."

"तू हललीस," मी बायकोला म्हणालो.

"मग काय दूध उतू जाऊ द्यायचं होतं?"

"मध्यबिंदूने हलायचं नसतं."

"बरं. मग आजपासून दूध तुम्ही बघायचं. मध्यबिंदू कुठेही हलणार नाही."

तेव्हापासून आमच्याकडे दूध मी तापवतो.

त्या दोन फळ्यांकडे सुतार बराच वेळ बघत बसला. मग "हे मला बघवत नाही हो" असं म्हणून उठला, दोन्ही फळ्या एकमेकींवर आवळल्या आणि रंधा मारून अर्ध्या तासात एकसारख्या करून दिल्या. वाकड्या कामाला हात लावणार नाही ही त्याची प्रतिज्ञा अशी मोडली. आधाराच्या पट्ट्या कापणं आणि सगळा सांगाडा उभा करणं यात आठवडा गेला. मुलगी क्लासवरून आली की दप्तर न ठेवताच विचारायची, "झाला?" आणि मी म्हणायचो, "होतोय."

सांगाडा आम्ही खाली नेला. इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ मोकळी जागा होती. आता सांगाड्यावर पातळ प्लायवूड वाकवून बसवायचं होतं. प्लाय असं आपणहून वाकत नाही. ते ओलं करून त्यावर वजन ठेवावं लागतं आणि वजन असेपर्यंत कडेने भराभर स्क्रू मारावे लागतात. माझ्याजवळ वजन म्हणजे मी आणि ऑफिसच्या जुन्या नियमावल्या. रविवारची सकाळ होती, लोक खाली उतरले होते. "वहिनींनी घसरगुंडी मागितली वाटतं," असं तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं. घसरगुंडी हा शब्द मी त्या दिवशी सात वेळा दुरुस्त केला आणि आठव्यांदा सोडून दिला. शेवटी मी सगळ्यांनाच विनंती केली, की जरा या फळीवर बसता का.

सहा जण ओळीने बसले. तळमजल्यावरचे काका, वरच्या मजल्यावरच्या काकू, आमच्या इमारतीचे अध्यक्ष आणि आणखी तिघं. फळी छान वाकली. पण आमच्या इमारतीतली सहा माणसं ओळीने बसली की तिथे मीटिंग सुरू होते. आधी पाण्याच्या वेळेचा विषय झाला, मग जिन्यातल्या दिव्याचा. मी त्यांच्या पायांमधून स्क्रू मारत होतो.

"बाकी तुमचं बरं आहे," अध्यक्ष माझ्या डोक्यावरून म्हणाले. "दुसऱ्या कुणी हे इथे उभं केलं असतं तर परवानगी घे, अमुक घे, तमुक घे. तुमचं काय, तुमचंच खातं. तुम्हाला कोण विचारणार?"

ते सहज बोलले. मला मात्र ते फार लागलं. बावीस वर्षांत कुणाची एक पेन्सिल घेतलेली नाही हो मी. मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणालो, "रीतसर अर्ज करून परवानगी घेणार आहे मी."

कुणीही मागितली नव्हती. हे मी आज शांतपणे सांगू शकतो. त्या वेळी सहाच्या सहा जणांनी मान डोलावली आणि विषय पक्का झाला.

नियम असा आहे, की सामाईक जागेत नव्वद सेंटिमीटरपेक्षा उंच काही उभं करायचं तर परवानगी लागते. तीन फूट म्हणजे एक्याण्णव. एका सेंटिमीटरने मी माझ्याच तावडीत सापडलो.

"मग तेवढं एक घासून टाका," बायको म्हणाली.

"नियम चुकवायला मापं घासणाऱ्यांची नावं मला पाठ आहेत. त्यात माझं नको."

सोमवारी मी आवक विभागात अर्ज दिला. तिथल्या कारकुनाने अर्ज वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा अर्ज वाचला. "साहेब, कशाला?" असं हळूच विचारून त्याने नोंद केली. आमच्याकडे फायली भागाप्रमाणे वाटल्या जातात. आमची गल्ली ज्या भागात येते तो भाग माझ्याकडे आहे. त्यामुळे दुपारी तीन वाजता माझा अर्ज माझ्याच टेबलावर आला.

मी फाईल घेऊन मोठ्या साहेबांकडे गेलो. म्हटलं, अर्जदार माझ्या नात्यातला आहे, हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं. साहेबांनी नियमावली उघडली. अर्जदार हा अधिकाऱ्याचा पती, पत्नी, मूल, भाऊ, बहीण, मेहुणा किंवा साडू असेल तर फाईल दुसरीकडे द्यावी, असं त्यात आहे. साहेबांनी यादीवर दोनदा बोट फिरवलं.

"यात 'स्वतः' नाही," ते म्हणाले. "नाही त्याला मी काय करणार? तुम्हीच बघा. फक्त जपून, लोक बोलतात."

लोक बोलतात, हे ऐकल्यावर मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. इतर फायलींत मी एकदा चूक शोधतो, या फायलीत तीनदा शोधली. शेजाऱ्यांची ना-हरकत पत्रं जोडलेली नव्हती. मी त्याप्रमाणे अर्जदाराला त्रुटीचं पत्र काढलं आणि पोस्टाने पाठवलं. ते तीन दिवसांनी आमच्या घरी आलं. बायकोने ते माझ्यासमोर ठेवलं.

"रोज संध्याकाळी घरी येता तुम्ही. सांगायचं होतंत की."

"तोंडी कळवलेलं ग्राह्य नसतं."

बायको लग्नाला सतरा वर्षं झालेल्या माणसाकडे जसं बघतात तसं माझ्याकडे बघत राहिली. मुलीने कॅलेंडरकडे बघितलं. दहा दिवस उरले होते.

मी ना-हरकत पत्रं गोळा करायला निघालो. आता एक गोष्ट मी अनुभवाने सांगतो. माणसाला तुम्ही काही विचारलंच नाही तर त्याची कशालाही हरकत नसते. पण हातात कागद देऊन सही मागितली, की त्याला वाटतं, नुसती सही केली तर आपण बावळट दिसू. वरच्या काकूंनी आवाज नको म्हणून रबराची चटई घालावी अशी अट लिहिली. चटई रॅम्पवर घातली असती तर चाकं जागची हलली नसती, म्हणून ती रॅम्पखाली घातली. अध्यक्षांनी इमारतीच्या रंगाचाच रंग द्यावा असं लिहिलं. कुणी दुपारी दोन ते चार बंद ठेवायला सांगितला, कुणी वर छप्पर असावं असं सुचवलं आणि कुणी खाली मांजरं राहणार नाहीत याची हमी मागितली. तळमजल्यावरचे काका काळजीखोर स्वभावाचे. त्यांनी वरच्या, उभं राहायच्या फळीला चारी बाजूंनी कठडा लावायची अट घातली.

"चारी बाजूंनी?" सुतार म्हणाला. "मग पोरगी उतरणार कुठून?"

हे काकांना पटलं. त्यांनी पत्रात 'कठड्यास फाटक असावे व फाटकास कडी असावी' अशी दुरुस्ती केली. फाटक सुताराने बसवलं. इतक्या दिवसांत त्याला सरळ काम पहिल्यांदाच मिळालं होतं, त्यामुळे ते फाटक आमच्या घराच्या दारापेक्षा चांगलं झालं आहे.

एकूण अकरा अटी झाल्या. बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी मी त्या सगळ्या पूर्ण केल्या. रॅम्प उभा होता, दणकट होता, फिकट पिवळा होता. आणि परवानगीशिवाय कुणी वापरू नये म्हणून मी त्यावर एक कागद चिकटवला होता, 'अंतिम परवानगी मिळेपर्यंत वापर करण्यास मनाई आहे. आदेशावरून.' इमारतीतली बाकीची पोरं तो कागद असतानाही चढून उड्या मारून गेली असतील, मला खात्री आहे. आमची मुलगी नाही गेली. ती माझी मुलगी आहे, वाचलेलं पाळते.

शुक्रवारी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती रॅम्पच्या पायथ्याशी बसली होती. हेल्मेट घातलेलं, मांडीवर बोर्ड.

"मिळाली परवानगी?"

"सगळं झालंय," मी म्हणालो. "आता फक्त जागेची पाहणी राहिली. सोमवारी होईल."

"कोण करणार पाहणी?"

"मी."

"मग आत्ता बघ ना. समोरच आहे."

"अगं, पाहणी सोमवारी असते. सोमवार ते बुधवार, अकरा ते पाच."

ती हेल्मेट काढत उठून वर गेली. मला वाटलं होतं आदळआपट होईल, दार आपटेल, तसलं काहीच झालं नाही. जेवणं झाल्यावर ती फाईलची घरची प्रत घेऊन माझ्यापुढे येऊन बसली.

"बाबा, मी ही सगळी वाचली. चौतीस पानं आहेत. यात मांजरांचं नाव आहे, काकूंचं आहे, टाकीचं आहे. माझं नाव कुठे आहे?"

"तुझं नाव कशाला लागेल? अर्जदार मी आहे."

"पण रॅम्प कुणासाठी आहे?"

मी पानं उलटली. सहाव्या पानावर सापडलं. 'वापरकर्ते: अल्पवयीन, संख्या एक.'

"ही मी," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते पण आवाज अगदी साधा होता. "परवा निवड आहे. आणि मी अजून एकदाही उतरलेली नाही."

तीन आठवड्यांपूर्वी ती हेच वाक्य बोलली होती. मधल्या काळात मी रॅम्प बांधला होता, चौतीस पानं लिहिली होती, अकरा माणसांच्या सह्या आणल्या होत्या आणि ते वाक्य जागचं हललं नव्हतं. मला लाज वाटली. बावीस वर्षांत टेबलासमोर उभ्या राहिलेल्या माणसांना बघून कधी वाटली नव्हती अशी वाटली. ती झोपायला गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "तिला तुमची सही नको होती हो. तुम्ही हवे होतात."

शनिवारी सकाळी सात वाजता मी खाली जाऊन तो कागद काढला. कागद निघता निघेना, कारण गोंद सरकारी नव्हता, मी स्वतः आणलेला चांगला होता. सुऱ्याने खरवडत असताना सुतार स्टूल घेऊन आला. रविवार जवळ आलाय हे त्यालाही माहीत होतं. त्याने स्टूल टेकवलं आणि त्यावर बसला.

मुलगी वर चढली. कडी काढली, फाटक उघडलं, बोर्ड काठाला लावून मागचा पाय शेपटावर दाबला. बोर्डाचं तोंड हवेत होतं. पुढचा पाय उचलला आणि परत फळीवर ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. तीन फूट म्हणजे काही फार नाही, असं मी तिला तीन आठवडे सांगत होतो. खालून बघताना मलाच ते फार वाटायला लागलं.

एव्हाना सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. "डोळे मिट आणि जा," अध्यक्ष म्हणाले. "डोळे अजिबात मिटू नकोस," वरच्या काकू म्हणाल्या. "अंग मागे टाक, मागे," तळमजल्यावरचे काका म्हणाले, आणि नेमकं मागे अंग टाकलं की माणूस पाठीवर पडतो, हे एव्हाना मलासुद्धा माहीत झालं होतं. "भीती वाटत असेल तर बसून उतर बाळा," आणखी कुणीतरी म्हणालं. तिने खिडक्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा," ती म्हणाली, "मला येईल का?"

हा प्रश्न मला रोज विचारतात. होईल का, मिळेल का, येईल का. त्याला माझं एकच उत्तर आहे, यथावकाश कळवण्यात येईल. ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"येईल," मी म्हणालो.

"पडले तर?"

"पडशील. मग परत वर ये."

"तुला भीती वाटतेय?"

"खूप वाटतेय. तू उतर."

तिने पुढचा पाय ठेवला आणि गेली. म्हणजे पडली. बोर्ड टाकीवर जाऊन आपटला आणि ती कोपरावर घसरत खाली आली. मी धावलो, पण मी पोचायच्या आत ती बोर्ड उचलून वर निघाली होती. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा गुडघ्यावर बसत बसत पोचली. चौथ्यांदा ती उभीच्या उभी खाली आली, सरळ टाकीपर्यंत गेली आणि वळून थांबली. सुतार स्टुलावरून उठून उभा राहिला होता.

त्या दिवशी ती त्रेचाळीस वेळा उतरली. दोन ते चारमध्येही उतरली. वरच्या काकू खिडकीतून मोजत होत्या, म्हणून आकडा पक्का आहे.

रविवारी सोळा मुलं होती. काठावर ती एक क्षणभर थांबली, गर्दीत मला शोधलं, मी मान हलवली, आणि ती उतरली. दोन नावं वाचली, त्यातलं दुसरं तिचं होतं. मी रडलो नाही असं मी घरी सांगायचा प्रयत्न केला, पण बायको शेजारीच उभी होती.

सोमवारी अकरा वाजता मी जागेची पाहणी केली. रॅम्पच्या पिवळ्या रंगावर वरपासून खालपर्यंत चाकांचे काळे पट्टे उमटले होते, एकावर एक. पाहणीला गेलेल्या अधिकाऱ्याने दिसेल ते लिहायचं असतं. मी लिहिलं, 'अर्जदाराने अंतिम परवानगीपूर्वीच वापर सुरू केल्याचे दिसून येते.' ऑफिसात येऊन अर्जदाराला नोटीस काढली, की परवानगीपूर्वी वापर का सुरू केला याचा लेखी खुलासा करावा. या वेळी पोस्टाने पाठवली नाही, हातोहात दिली. घेणाऱ्याच्या जागी सही केली आणि तिथेच बसून खुलासा लिहिला.

असे खुलासे मी हजारोंनी वाचले आहेत. लोक दोन-दोन पानं लिहितात. आजारपण लिहितात, गैरसमज लिहितात, गवंड्याने ऐकलं नाही म्हणून लिहितात. मी मुलीचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'हिला रविवारच्या आत उतरायचे होते. ती उतरली.'

मग फाईल फिरवून माझ्या बाजूला घेतली आणि शेरा मारायला ड्रॉवर उघडला. ड्रॉवरमध्ये 'खुलासा असमाधानकारक' असा रबरी शिक्का आहे, बावीस वर्षांत वापरून वापरून त्याच्या कडा गोल झाल्या आहेत. दुसरा, 'खुलासा समाधानकारक' असा शिक्का मी सगळ्या ड्रॉवरमध्ये शोधला. शेजारच्या टेबलावर विचारलं, आवक विभागात विचारलं. कुणाकडेच नव्हता. तसा शिक्का कधी कुणी बनवूनच घेतला नव्हता.

म्हणून मग हाताने लिहिलं.